कागजीपुरा ते कागितपुरम

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी लिपीतील कागदांची बांधलेली दप्तरे आहेत. नोकरीच्या निमित्ताने तामिळ देशात येऊन पडलेल्या मराठी माणसाची पावले एकदा तरी तिकडे वळतातच. १६७६ च्या सुमारास एकोजीराजांनी येथे राज्य स्थापिले आणि १८५५ साली ते कंपनी सरकारने खालसा केले. त्या पावणेदोनशे वर्षांतील जमाखर्च, याद्या, हुकूम आणि तक्रारी या दप्तरांत साठलेल्या आहेत. पाहणारा बहुधा अक्षराकडे पाहतो. मोडी येत असेल तर दोन ओळी लावून पाहतो आणि येत नसेल तर उसासा टाकतो. मलाही तेथे प्रथम अक्षरच दिसले. परंतु सारे आयुष्य फायली चाळण्यात गेलेल्या माणसाच्या बोटांना एक सवय जडलेली असते. अक्षर वाचण्यापूर्वी ती कागद चाचपतात. मनात आले की, माझ्या कचेरीतील चाळीस वर्षांपूर्वीची टिपणे घडीवर मोडून तुकडे होऊ लागली आहेत. मग दोन शतके जुना हा हातकागद अजून वाकतो कसा?

या प्रश्नाचे उत्तर शोधू गेले असता आपण थेट कचऱ्याच्या ढिगापाशी येऊन पोहोचतो. ज्या कागदावर मराठी राज्यांचा कारभार चालला तो कागद मुळात टाकून दिलेल्या वस्तूंचा होता. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कोट्यवधी कागदांची कथा हीच आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड गेल्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध झाले आणि मराठ्यांच्या इतिहासाला नवा पाया मिळाला. त्या पायाखाली फाटक्या गोण्या आणि कुजके दोर आहेत, हे मात्र आपण सहसा ध्यानात घेत नाही.

दौलताबादेहून खुलताबादेकडे जाणाऱ्या वाटेवर कागजीपुरा नावाचे गाव आहे. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीस आणली, तेव्हा दिल्लीकडून आलेल्या कारागिरांनी येथे कागदाचा धंदा वसविला, अशी परंपरा सांगतात. दौलताबादी आणि जुन्नरी कागद पुढे मराठी दफ्तरांत नावाजले गेले. पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा हा भागही याच कारागिरांची आठवण सांगत आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी कागद चीनमधून भारतात कसा आला याचा मागोवा घेतला आहे. हा प्रवास शब्दातही उमटलेला दिसतो. फारसीतील ‘कागज’ मराठीत ‘कागद’ झाला आणि तामिळात ‘कागिदम्’. या तामिळ रूपाकडे आपणांस शेवटी पुन्हा यावयाचे आहे.

कागजी आपला कागद कसा करीत, ते थोडक्यात पाहू. तागाच्या जुन्या गोण्या, सणाचे झिजलेले दोर, निकामी झालेली जाळी आणि कचेऱ्यांतील रद्दी हा त्यांचा कच्चा माल. तो तोडून बारीक करावयाचा, चुन्याच्या पाण्यात कित्येक दिवस भिजत घालावयाचा आणि मग पायाने दाबून चालविण्याच्या लाकडी ढेंकीखाली कांडावयाचा. कांडलेला लगदा नदीवर नेऊन फडक्यात धरून धुवावयाचा आणि पुन्हा चुना, पुन्हा कांडण, पुन्हा धुणे. असे अनेक वेळा झाल्यावर तो पाण्याच्या हौदात कालवीत. गवताच्या बारीक काड्या घोड्याच्या केसांनी गुंफून केलेली चटई लाकडी चौकटीवर ठेवून कारागीर ती हौदात बुडवी आणि अलगद वर उचली. पाणी खाली गळे आणि चटईवर तंतूंची पातळ साय उरे. तोच कागदाचा ताव. ओले ताव एकावर एक रचून दाबीत, कुंच्याने भिंतीवर चिकटवून वाळवीत, त्यांवर खळ चढवीत आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटीत. खळ नसेल तर शाई फुटते, आणि घोटला नसेल तर बोरू अडखळतो.

या साऱ्या कृतीत चुन्याचे महत्त्व मोठे होते. तो तंतू मोकळे करी आणि त्याचा अंश कागदात राहून पुढे निर्माण होणाऱ्या आम्लाला मारी. उलट १८०७ साली जर्मनीत इलिग याने राळ आणि तुरटी यांची खळ शोधून काढली. यंत्राच्या कामाला ती फार सोयीची ठरली. परंतु तुरटीचे आम्ल कागदाला आतून खात राहते. लाकूड नुसते वाटून केलेल्या लगद्यात लिग्निन नावाचे द्रव्य राहते, त्यामुळे कागद पिवळा पडतो. माझी टिपणे का मोडतात आणि मोडी कागद का वाकतो, याचे बरेचसे उत्तर येथे आहे. अर्थात हातकागदातही उणीव होतीच. तांदळाच्या खळीवर कीड तुटून पडे. श्रीरामपूरच्या ज्या मिशनऱ्यांनी १८०५ साली विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण छापले, त्यांना या किडीने इतके सतावले की, त्यांनी स्वतःच कागद करावयास घेतला आणि १८२० साली त्या कामासाठी वाफेचे यंत्र आणविले.

टाकाऊपासून कागद करणे ही कागज्यांची एकट्याची युक्ती नव्हती. कागदाचा जन्मच तसा झाला. चिनी इतिहासाप्रमाणे त्साय लुन या राजसेवकाने इ. स. १०५ मध्ये हान सम्राटापुढे कागदाची कृती मांडली. तीत झाडाची साल, तागासारखे तंतू, जुन्या चिंध्या आणि मासेमारीची जाळी यांचा उल्लेख आहे. त्याच्याही पूर्वीचे कागदाचे तुकडे उत्खननात सापडले आहेत. तेव्हा त्साय लुन यास जनक न म्हणता सुधारक म्हणणे अधिक योग्य. तो दरबारचा अधिकारी होता आणि त्याने सादर केले ते एक प्रकारचे टिपणच होते, ही गोष्ट आपणां नोकरदारांस सुखावणारी आहे.

युरोपातही शतकानुशतके कागद चिंध्यांचाच होत असे. छापखाने वाढले, वर्तमानपत्रे निघाली, अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये रॉबेर याने अखंड कागद काढणाऱ्या यंत्राचा शोध लावला आणि चिंध्यांची भूक भागेनाशी झाली. माणसे कपडे फाडून फाडून किती फाडणार? तेव्हा शोधकांची नजर रानाकडे आणि शेताकडे वळली. १७१९ साली रेओम्युर या फ्रेंच शास्त्रज्ञाने गांधीलमाशीकडे बोट दाखविले होते. ती लाकडाचे तंतू चघळून कागदासारखे घरटे बांधते, मग माणसाला ते का साधू नये? रेगेन्सबुर्ग येथील शेफर नावाच्या धर्मोपदेशकाने १७६५ पासून पुढे सहा भागांत आपले प्रयोग प्रसिद्ध केले. शेवाळ, द्राक्षवेली, कोबीचे दांडे, गवताचा पेंढा, अशा अनेक वस्तूंचे कागद करून त्यांचे नमुनेच त्याने ग्रंथात बांधले.

त्याहून धाडसी पुरुष म्हणजे लंडनमधील मॅथियास कूप्स. १८०० साली त्याने एक ग्रंथ पेंढ्याच्या कागदावर छापून राजा तिसरा जॉर्ज यास अर्पण केला. त्याच वर्षी छापील कागदातील शाई काढून त्याचा पुन्हा कागद करण्याच्या कृतीचे एकस्वही त्याने मिळविले. आज ज्याला आपण पुनर्चक्रण म्हणतो ते सव्वादोनशे वर्षांपूर्वी या गृहस्थाने कारखान्यात करून दाखविले. वेस्टमिन्स्टर येथे त्याने पेंढ्याच्या कागदाची मोठी गिरणी उभारली. परंतु भांडवल संपले, देणी चढली आणि थोड्याच वर्षांत सारा पसारा लिलावात निघाला. कृती खरी होती, कागदही खरा होता. पण व्यवहार जमला नाही. पालापाचोळ्यापासून उपयुक्त वस्तू करण्याच्या इतिहासात हे वाक्य वारंवार लिहावे लागते.

पुढे १८४४ च्या सुमारास जर्मनीत केलर याने लाकूड दगडावर घासून लगदा केला. इंग्लंडात टॉमस रूटलेज याने स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतील एस्पार्टो गवतापासून कागद काढला, आणि १८७५ साली हिंदुस्थानातील बांबूची शिफारस करणारी पुस्तिका लिहिली. अखेरीस जगाने लाकूड पत्करले. ते मुबलक होते, बाराही महिने मिळे आणि एका जागी साठविता येई. शेतातला पेंढा यांतील एकाही कसोटीला सहजासहजी उतरत नाही.

आपल्याकडे मात्र कागज्यांचा धंदा केवळ यंत्राने बुडविला असे म्हणता येणार नाही. भारतमंत्री सर चार्ल्स वुड यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८५९ ते १८६६ या काळात, सरकारी कचेऱ्यांना लागणारा कागद विलायतेहून मागवावा असा हुकूम निघाल्याचे जुने अहवाल सांगतात. देशातील सर्वांत मोठे गिऱ्हाईक एका कलमाच्या फटकाऱ्याने उठून गेले. लखनौची गिरणी १८७९ साली आणि टिटागढची १८८२ साली निघाली. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत विल्यम रेट यांनी बांबूच्या लगद्याची कृती सिद्ध केली आणि १९२५ च्या कायद्याने बांबूच्या कागदाला संरक्षण मिळाले. या घडामोडींत ढेंकीला कोणीच विचारले नाही. कागज्यांची मुले दुसऱ्या धंद्यांत गेली.

तिला विचारले ते गांधीजींनी. १९३४ साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याची सूत्रे जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे आली, आणि हातकागद हा संघाच्या कामाचा एक प्रमुख विषय झाला. आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या पाठीवर लिहिणाऱ्या त्या पुरुषास रद्दीची किंमत वेगळी सांगावयास नको होती. अमेरिकेतील कागदतज्ज्ञ डार्ड हंटर यांनी भारतातील कागज्यांच्या वस्त्या हिंडून पाहिल्या आणि १९३९ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुण्यात १९४० साली हातकागदाची संस्था निघाली. विद्या टिकली, परंतु देशाची कागदाची गरज तिने भागणे शक्य नव्हते. ती भागवावयाची तर शेतातील अवशेषांचे प्रचंड ढीग हाती यावयास हवेत आणि त्यांत सर्वांत मोठा ढीग एका जागी सापडतो तो साखर कारखान्यात.

शंभर टन ऊस गाळला की, सुमारे तीस टन ओले चिपाड उरते. कारखान्याच्या भाषेत त्यास बगॅस म्हणतात. त्यात निम्मे पाणी असते आणि बाकीच्यात कागदाला उपयोगी असा चांगला तंतू असतो. मग अडचण कोठे आली? पहिली अडचण त्यातील मऊ भेंडाची. तो रसायने शोषून घेतो आणि बळ मात्र देत नाही. म्हणून तो झाडून वेगळा करावा लागतो. दुसरी अडचण हंगामाची. ऊस चार-सहा महिने गाळला जातो आणि कागदाची गिरणी वर्षभर चालावयाची असते. तोवर चिपाडाचे डोंगर कुजू नयेत आणि पेटू नयेत म्हणून ते भिजवून राखावे लागतात. या दोन्ही अडचणींवर तोड निघाली. पेरूमधील पारामोंगा येथे १९३९ साली साखर कारखान्याच्या जोडीने चिपाडाचा कागद व्यापारी प्रमाणावर निघू लागला.

तिसरी अडचण मात्र यंत्राची नव्हती. चिपाड टाकाऊ नव्हतेच. साखर कारखान्याची भट्टी त्यावरच चालते. नगर वा कोल्हापूरकडील कोणताही कारखाना पाहिलेल्या माणसास हे सांगावयास नको. कागदवाल्याने ते उचलले तर रस कशावर आटवावयाचा? दुरून जो कचरा दिसतो तो जवळ गेल्यावर कोणाचे तरी सरपण, कोणाची तरी वैरण वा कोणाचे तरी छप्पर निघते. आपल्या भाषेलाच विचारून पाहा. ज्वारीचा कडबा, भाताचा पेंढा आणि तूस, गव्हाचे काड, कपाशीची पऱ्हाटी, उसाचे पाचट आणि चिपाड, शेतात उरलेली धसकटे, अशी प्रत्येकाला तिने वेगवेगळी नावे दिली आहेत. ज्याला शेतकरी नाव देतो, त्याचा काही ना काही उपयोग त्याला ठाऊक असतो. सर्वांना मिळून ‘कचरा’ म्हणणारी भाषा शेतावरची नव्हे, ती बाहेरून आलेली आहे.

ही तिसरी अडचण ज्यांनी ओळखली, त्यांच्या गावाचे नाव कागितपुरम. तामिळनाडू सरकारने १९७९ साली एक कंपनी स्थापन करून करूर जिल्ह्यात, कावेरीच्या काठी पुगळूरजवळ, चिपाडापासून वर्तमानपत्री व छपाईचा कागद काढण्याची गिरणी उभारली. १९८४ साली उत्पादन सुरू झाले. आरंभीची क्षमता वर्षाला ९०,००० टनांची होती. वसाहतीचे नाव पडले कागितपुरम, म्हणजे कागदाचे गाव. जणू कागजीपुऱ्याचेच तामिळ भाषांतर. परंतु त्या गिरणीची खरी कल्पकता, माझ्या मते, तिच्या करारांत आहे. तिने साखर कारखान्यांना सांगितले: तुमचे चिपाड आम्हांस द्या, त्याच्या बदल्यात तुमच्या भट्टीला लागणारे इंधन आम्ही देतो. कोळसा गेला, चिपाड आले. कूप्सला जे जमले नाही ते येथे जमले, कारण ज्याचे अवशेष घ्यावयाचे त्याचे नुकसान आधी भरून देण्यात आले.

तरीही येथे थांबून टाळ्या वाजविणे बरे नव्हे. जंगलातील बांबू आणि लाकूड वाचले हे खरे. परंतु त्यासाठी भूगर्भातील कोळसा जळला हेही खरे. पुढे साखर कारखाने चिपाड जाळून वीज करू लागले आणि ती विकू लागले, तेव्हा चिपाडाचा भाव वाढला आणि कागदवाल्याला ते मिळणे अवघड होऊ लागले. एकाच वस्तूकडे दोन सत्कार्यांनी हात पुढे केला की, कोणाला किती द्यावयाचे हा प्रश्न रसायनशास्त्र सोडवू शकत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. १९७० नंतर कागदाची टंचाई भासली, तेव्हा सरकारने करसवलती देऊन शेतातील अवशेषांवर चालणाऱ्या लहान गिरण्यांना उत्तेजन दिले. पेंढ्यात वाळूसारखे सिलिका पुष्कळ असते, त्यामुळे शिजवणीनंतर उरणाऱ्या काळ्या पाण्यातून सोडा परत मिळविणे कठीण जाते. लहान गिरणीस ती यंत्रणा परवडत नसे; काळे पाणी ओढ्यात सोडले जाई. झाड वाचविणाऱ्या कागदाने नदी नासविली. कागजीही आपला लगदा नदीवरच धूत, पण त्यांत चुना होता आणि तो बेताचाच होता.

दिल्लीकडील वाचकांस तिसरी गोष्ट नाकाने ठाऊक आहे. पंजाब-हरियाणात भातकापणीनंतर शेतातील खुंट जाळतात आणि त्याचा धूर वारा अनुकूल असला की राजधानीपर्यंत येतो. हाती कापणी होती तेव्हा बुडखा थोडाच उरे. यंत्राने कापणी होऊ लागली तशी उंच धसकटे आणि विस्कटलेला पेंढा शेतात राहू लागला. पंजाबात भूजल वाचविण्यासाठी २००९ च्या कायद्याने भाताची लावणी पुढे ढकलली, त्यामुळे भात निघणे आणि गहू पेरणे यांत दिवस थोडे उरले. मग काडी लावणे हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरला. पेंढा तोच, भोवतालची व्यवस्था बदलली आणि तो टाकाऊ झाला.

यावरून मला जे वाटते ते सांगून टाकतो. टाकाऊपणा हा वस्तूचा गुण नसून तिच्या भोवतीच्या व्यवस्थेचा आहे. व्यवस्था जुळली की कुजके दोर मराठ्यांच्या राज्याची स्मृती होऊन बसतात. ती बिघडली की सोन्यासारखा पेंढा धूर होऊन आपल्या छातीत जातो. आज चिपाडाच्या ताटल्या आणि वाट्या बाजारात आल्या आहेत. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या काही एकवार वापरण्याच्या वस्तूंवर देशभर बंदी आली आहे, त्यामुळे त्यांची मागणी वाढणे स्वाभाविक आहे. पळसाच्या पत्रावळीवर जेवलेल्या पिढीला हे फारसे नवल वाटू नये. परंतु प्रत्येक नव्या वस्तूला जुने प्रश्न विचारले पाहिजेत. हे अवशेष पूर्वी कोणाच्या उपयोगी पडत होते? त्याला बदल्यात काय मिळाले? धुण्याचे पाणी कोठे जाते? आणि ही वस्तू जुनी झाली की, पुन्हा लगदा होऊ शकेल काय? कागदाचा तंतू प्रत्येक फेऱ्यात आखूड होत जातो, म्हणून त्यात नव्या तंतूची भर घालावीच लागते. अनंत पुनर्वापराचे आश्वासन कोणी देत असेल तर ते सावधपणे ऐकावे.

हे प्रश्न शास्त्रज्ञांपेक्षाही आपल्यासारख्यांच्या मेजावर अधिक येतात. कागज्यांचा धंदा एका खरेदीच्या हुकुमाने खचला आणि चिपाडाचा कागद एका विचारपूर्वक केलेल्या कराराने उभा राहिला. दोन्ही कामे कोणा ना कोणा अधिकाऱ्याने कागदावरच केली. वुडसाहेबांच्या त्या हुकुमाचा मसुदा ज्याने लिहिला असेल, त्याच्या मनात जुन्नरचा वा दौलताबादचा कागजी क्षणभर तरी आला असेल काय? बहुधा नसेल. त्याच्यापुढे दर होते, नमुने होते आणि बचतीचा आकडा होता. आपल्यापुढेही तेच असते.

कागितपुरमच्या पायथ्याची कावेरी पुढे तंजावरच्या मुलुखात पसरते. वरच्या अंगाला चिपाडाचा कागद होतो आणि खाली जुन्या चिंध्यांचा कागद शेल्फावर निजलेला आहे. प्रवासात सवड मिळाल्यास दोन्ही पाहावेत आणि परत कचेरीत आल्यावर कागदाच्या खरेदीची पहिली फाईल समोर येईल, तेव्हा सही करण्यापूर्वी तो कागद एकवार बोटांनी चाचपून पाहावा.